ब्रेकबाईची हाडं

गाडी शिकवणाऱ्या शाळेत तिला सगळे ब्रेकबाई म्हणत. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक क्लच आणि एक ब्रेक असतो, शिकवणाऱ्याच्या पायाखाली. ब्रेकबाईचा पाय त्या ब्रेकवर इतका अलगद पडायचा, की गाडी जागच्या जागी थांबायची आणि शिकणाऱ्याला वाटायचं, आपणच थांबवली. शाळेचे मालक प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे, "आमच्या बाईंकडे शिकलात तर एकच धोका आहे. घरची गाडी घेऊन बाहेर पडाल तेव्हा कळेल की आपल्याला ब्रेक मारताच येत नाही." माणसं हसायची. ब्रेकबाई हसायची नाही. लोक शिकत असताना कुणी मरता कामा नये, बाकीचं त्यांचं ते बघतील, असं तिचं सरळ म्हणणं होतं.

पन्नाशी ओलांडलेली, उंच, अंगाने काटक, केस कानापर्यंत कापलेले. बोलणं मोजकं. दिवसभर सीटवर बसून कंबर धरायची, म्हणून सकाळच्या चहाबरोबर लोक बिस्कीट खातात तशी ती दुखण्याची एक गोळी घ्यायची. किती वर्षं घेत होती हे तिलाही सांगता आलं नसतं. रक्तदाबाची एक गोळी वेगळी होती. ती एका डॉक्टरांनी सुरू करून दिली होती आणि मग ते डॉक्टर गाव सोडून गेले, गोळी मात्र चालूच राहिली.

लग्न केलं नव्हतं. थोरली बहीण टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, तीही एकटी. दोघी एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहायच्या. इमारतीला लिफ्ट नव्हती. ताई घर सांभाळायची, धाकटी बाहेरचं बघायची, आणि रोज संध्याकाळी दोघी खिडकीशी बसून खालच्या रस्त्यावर कोण गाडी कशी वाईट लावतो यावर शेरे मारायच्या.

मग ताई पडली.

पडली म्हणजे काय, दारावर टकटक झाली म्हणून स्वयंपाकघरातून वळली, आणि खाली. ना फरशी ओली होती, ना पायात काही आलं. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झाल्यावर हाडांच्या डॉक्टरांनी ब्रेकबाईला बाजूला बोलावलं आणि एक्सरे उजेडाकडे धरला.

"त्या पडल्या म्हणून हाड मोडलं असं तुम्हाला वाटतंय ना? कदाचित उलटं असेल. हाड आधी मोडलं असेल आणि म्हणून त्या पडल्या असतील. हाडं फार पोकळ झाली आहेत."

डॉक्टरांनी एक्सरे खाली ठेवला.

"तुमच्या आईला काही होतं का असं?"

"आईचं आधी मनगट गेलं. मग खुबा. मग ती उठलीच नाही."

"मग तुम्हीही तपासून घ्या. लवकर. साधी तपासणी आहे."

"घेते," ती म्हणाली. आणि घेतली नाही.

यामागे आळस नव्हता. शिकवणीच्या गाडीला बारीकसारीक धक्के रोजचेच. पोकळ हाडांची बाई मालक त्या सीटवर बसवतील का? कागदावर काही आलं की ते लपवता येणार नाही. कागदच नसला तर काही लपवावंही लागणार नाही. असा तिने हिशेब केला. पण जिना उतरताना डॉक्टरांचं ते वाक्य तिच्या मागे मागे आलं. हाड आधी मोडलं असेल. म्हणजे चालता चालता, उभ्या उभ्या, कधीही. त्या दिवसापासून ती पायरीवर पाय ठेवायच्या आधी क्षणभर थांबायला लागली.

उपाय मिळाला तो इस्पितळाच्या बाकावर. शेजारी बसलेली एक बाई म्हणाली, "माझ्या सासूबाईंना मी सुकामेवा सुरू केलाय. सुके आलुबुखार, अंजीर, जर्दाळू. हाडांना याच्यासारखं दुसरं काही नाही म्हणतात." ब्रेकबाईने ताईला व्यायाम शिकवायला घरी येणाऱ्या मुलीला विचारलं. ती मुलगी ताईचा पाय वर उचलून धरत म्हणाली, "हो, चांगलं असतं की. थोडं खायला हरकत नाही. पण औषधाच्या ऐवजी नाही हं, आणि आधी डॉक्टरांना विचारा."

यातलं ब्रेकबाईने 'चांगलं असतं' एवढंच उचललं.

ती कुठलीही गोष्ट अर्धी करणारी नव्हती. रात्री वाडगाभर आलुबुखार आणि अंजीर भिजत पडायचे, सकाळी ते पाण्यासकट पोटात जायचे. गाडीतल्या कप्प्यात, जिथे पूर्वी टायरची हवा बघायचं यंत्र असायचं, तिथे जर्दाळू आणि मनुकांचा डबा आला. दोन शिकाऊंच्या मध्ये मूठभर. सिग्नलला मूठभर. दुपारचं जेवणही हळूहळू त्या डब्यावरच भागायला लागलं. बाजारातला सुक्या मेव्याचा दुकानदार तिला लांबून बघूनच पिशवी उघडायचा.

ताईलाही तिने वाटी भरून दिली. चार दिवस ताईने निमूट खाल्लं. पाचव्या दिवशी वाटी परत सरकवली.

"अगं, या वॉकरवर मला संडासापर्यंत जायला किती वेळ लागतो तुला ठाऊक आहे का? आणि तू मला हे खायला घालून पळायला लावतेस. माझं एक हाड जुळतंय, त्या धावपळीत दुसरं मोडेल."

"ताई, हाडांसाठीच आहे ते."

"हाडांसाठी मला डॉक्टरांनी औषध दिलंय. ते घेतेय मी. हे तू खा."

मग ताईच्या वाटणीचंही तिनेच खायला सुरुवात केली. टाकून देणं तिच्या रक्तात नव्हतं.

पहिले काही आठवडे तिला खरोखर बरं वाटलं. भीतीवर काहीतरी करतोय याचंच ते बरं वाटणं असावं. पुढे पाय जड व्हायला लागले. जिना चढताना मांड्यांत शिसं ओतल्यासारखं व्हायचं. ओठांभोवती मुंग्या यायच्या. तिला वाटलं, झालं, हाडं पोखरायला लागली. आपण उशिरा सुरू केलं. तिने मूठ मोठी केली.

आणि जितकी मूठ मोठी होत गेली, तितके पाय जड होत गेले.

एका सकाळी एक विद्यार्थी चौकात वळत असताना समोर सायकलवाला आला. ब्रेकबाईचा पाय उठला, पण नेहमीपेक्षा जरा मागून. गाडी थांबली तेव्हा सायकलचं मागचं चाक आणि बंपर यांच्यात वहीही उभी राहिली नसती. विद्यार्थ्याने स्टिअरिंग सोडून तिच्याकडे पाहिलं.

"मुद्दाम थांबले मी," ती म्हणाली. "तुम्ही मारता का ते बघत होते."

त्या माणसाने तिची माफी मागितली. ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि सीटखाली आपला पाय दोन्ही हातांनी चोळत राहिली.

ताईच्या कानांपासून मात्र काही लपणं कठीण होतं. आयुष्यभर कानाला यंत्र लावून लोकांचे आवाज जोडून देणारी बाई ती. पलंगावर पडल्या पडल्या तिला इमारतीतली सगळी पावलं ओळखू यायची.

"तू मधल्या वळणावर थांबतेस हल्ली," एका संध्याकाळी ती म्हणाली.

"पिशवी जड असते."

"आज पिशवी नव्हती. आणि वरचा जिना तू भिंतीला हात घासत आलीस. तो आवाज मला येतो."

ब्रेकबाई चहा गाळत होती. गाळणी कपावर टेकली नाही, बाजूला टेकली. चहा ओट्यावर सांडला.

"रक्त तपासून घे," ताई म्हणाली. "एवढंच म्हणतेय."

"मला काही झालेलं नाही."

"काही झालेलं नसेल तर तपासायला घाबरतेस कशाला?"

"ताई, अख्खं गाव माझ्या पायावर गाडी शिकलंय. माझा पाय मला कळतो."

त्या दोघी त्यानंतर खिडकीशी बसल्या, पण रस्त्यावरच्या गाड्यांना कुणीच नावं ठेवली नाहीत.

शिंपीणबाई त्याच सुमाराला शिकायला यायची. बाजारामागच्या गल्लीत तिचं कपडे शिवायचं दुकान होतं. वय ब्रेकबाईएवढंच. नवऱ्याची नजर अधू झाली होती, गाडी दारात उभी राहून धूळ खात होती, म्हणून या वयात तिने मनावर घेतलं होतं. हात सोन्यासारखे. स्टिअरिंग ती कापड सरकवल्यासारखी वळवायची. पाय मात्र तिचं ऐकत नसत. जन्मभर मशीनच्या एकाच पट्टीवर दोन्ही पाय ठेवलेले, त्यामुळे एक दाबला की दुसरा आपोआप दाबला जायचा.

"एका वेळी एकच पाय, शिंपीणबाई."

"सांगते हो त्याला. ऐकतो का बघू."

आणि ब्रेक तिने कधी मारलाच नव्हता. मारायची वेळ यायच्या आत गाडी थांबलेली असायची.

त्या दुपारी ब्रेकबाईने तिला गोदामांच्या मागच्या रस्त्यावर नेलं. सरावाला चांगला रस्ता होता. एका बाजूला गोदामांची लांबच लांब भिंत, दुसऱ्या बाजूला पडीक मैदान, आणि शेवटी उतार. उताराच्या टोकाला गोदामाचं फाटक. दुपारच्या सुट्टीत तिथे माणूस नसायचा. गाडीत बसताना ब्रेकबाईने पाय हाताने उचलून आत घेतला होता. शिंपीणबाईने ते पाहिलं, पण विचारलं नाही.

"दुसऱ्या गिअरमध्ये राहा. उतार आला की वेग आपोआप वाढतो, घाबरायचं नाही."

गाडी उताराला लागली. फाटकातून एका ट्रकचं नाक बाहेर आलं. मग अर्धा ट्रक. मग तो रस्ता अडवून वळायला लागला.

ब्रेकबाईने पाय उचलला. म्हणजे उचलायचं मनात आणलं. पाय जागेवरच होता. तिने खाली पाहिलं, आपला बूट, आपलं पाऊल, ब्रेकच्या शेजारी गाडीच्या तळाला चिकटवल्यासारखं.

"ब्रेक," ती म्हणाली.

शिंपीणबाई वाट बघत होती. गाडी नेहमी थांबते तशी आत्ता थांबेल.

"बाई, ब्रेक मार. तू मार."

त्या 'तू'ने शिंपीणबाई जागी झाली. तिने दोन्ही पाय एकदम दाबले, आणि एवढा जोर लावून की ती सीटवर उभीच राहिली. टायर ओरडले. गाडी तिरकी होत भिंतीकडे सरकली आणि भिंतीला लागून रचलेल्या रिकाम्या क्रेटच्या थप्पीत घुसून थांबली. क्रेट एकेक करून बॉनेटवर पडत राहिले. ट्रक समोरून निघून गेला. त्याच्या चालकाने कदाचित पाहिलंही नसेल.

धूळ बसली. ब्रेकबाईचं मनगट समोरच्या फळीवर आपटलं होतं. तिने ते डोळ्यांसमोर धरलं, बोटं मिटली, उघडली, मनगट फिरवून पाहिलं.

"मोडलं नाही," ती म्हणाली. तिच्या आवाजात चक्क समाधान होतं.

"लागलं का तुम्हाला? उतरा, बघू."

ब्रेकबाईने दार उघडलं आणि तशीच बसून राहिली. पाय बाहेर निघेनात. दोन्ही. तिने हाताने मांडी ओढली तर हातातही जोर नव्हता.

"अशक्तपणा आलाय," ती म्हणाली. "त्या कप्प्यातला डबा काढा. दोन अंजीर द्या. खाल्ले की जीव येतो."

शिंपीणबाईने डबा काढला, दोन अंजीर तिच्या तोंडात एकेक करून दिले. ब्रेकबाई चावत होती, पण जबडा यंत्र बंद पडत आल्यासारखा हलत होता. शिंपीणबाईने तिचा हात हातात घेतला. सुईचं टोक कापडात कुठे आहे हे न बघता ओळखणारी तिची बोटं नाडीवर टेकली. एक ठोका आला. मग काहीच नाही. इतका वेळ काहीच नाही की तिने बोटं हलवून जागा बदलली. मग पुन्हा एक आला.

तिने इस्पितळाला फोन लावला. रुग्णवाहिका पुलापलीकडे गेली होती. "परत आली की पाठवतो," पलीकडचा आवाज म्हणाला. कधी, ते त्याला सांगता येईना. फाटकाशी जाऊन तिने हाका मारल्या. आतून कुणी आलं नाही.

ती परत येऊन चालकाच्या सीटवर बसली. दार लावलं.

"काय करता?" ब्रेकबाईने विचारलं.

"इस्पितळात जाऊ."

"तुम्हाला रिव्हर्स येत नाही."

"मग सांगा कसा टाकायचा."

ब्रेकबाईने डोळे मिटून सांगितलं. क्लच पूर्ण दाबा. दांडा खाली ढकला, मग बाजूला. आता क्लच हळू सोडा. हळू. गाडी खडखडत मागे आली, बॉनेटवरचे क्रेट घसरून पडले. एकदा गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद पडली. तिसऱ्यांदा शिंपीणबाईने स्टिअरिंगवरचे हात काढले, तशी ब्रेकबाई म्हणाली, "शिवण उसवली तर काय करता? परत घालता ना? घाला." गाडी सुरू झाली.

रस्ता ओळखीचा होता. पण आजवर तो दोन जोड्या पायांवर पार पडला होता, आणि आज शेजारचे पाय निर्जीव पडले होते. शिंपीणबाईला हे कळत होतं. पहिल्या चौकात तिने ब्रेक इतक्या लवकर मारला की गाडी रिकाम्या रस्त्यात उभी राहिली. मागच्याने भोंगा वाजवला. ती निघाली. बाजाराच्या तोंडाशी एक हातगाडी आडवी आली, तिने थांबवली. माणसं सरकली, ती निघाली. घाम डोळ्यांत जात होता आणि तो पुसायला हात सोडायची तिची हिंमत होईना.

"बाई, बोलत राहा."

"क्लच," शेजारून आवाज आला. "क्लचवर पाय ठेवून बसू नका."

"बरं. अजून बोला."

"आरसा."

"बघितला. अजून?"

उत्तर आलं नाही. शिंपीणबाईने मान वळवली नाही. मान वळवली तर गाडीही वळेल, हे तिला शिकवलेलं होतं. तिने फक्त भोंग्यावर तळवा ठेवला आणि इस्पितळाच्या दारापर्यंत तो काढला नाही. दारातल्या उतारावर तिने दोन्ही पाय पुन्हा एकदम दाबले. गाडी थांबली. माणसं धावत आली.

आत तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी छातीवर तारा लावल्या, यंत्रातून निघालेली पट्टी पाहिली आणि त्यांचं बोलणं एकदम तोकडं झालं. हे इंजेक्शन, ते इंजेक्शन, रक्त ताबडतोब वर पाठवा. शिंपीणबाईला पडद्याबाहेर काढलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली. पडद्याआडून यंत्राचा टिक् टिक् आवाज येत होता, लांब अंतराने, आणि दोन आवाजांमध्ये ती श्वास धरून ठेवत होती.

मग डॉक्टर बाहेर आल्या.

"या काय खातात? कुठली औषधं घेतात? तुम्हाला काही माहीत आहे?"

"मी शेजारची... मी विद्यार्थिनी आहे त्यांची. औषधांचं माहीत नाही. खातात तर," शिंपीणबाई थांबली. डबा तिच्या हातात अजून तसाच होता. "हे खातात. दिवसभर. आत्ताही खाल्लं. मीच दिले. दोन अंजीर."

डॉक्टरांनी डबा उघडून पाहिला.

"माझ्या हातून काही झालं का?" शिंपीणबाईने विचारलं.

"दोन अंजिरांनी काही होत नाही. तुम्ही आणलंत हे बरं केलंत. अजून उशीर झाला असता तर हृदय थांबलं असतं."

ताईला फोन गेला. मोडलेल्या हाडानंतर ताई उंबरठ्याबाहेर पडली नव्हती. जिन्याकडे ती बघायचीसुद्धा नाही. त्या दुपारी ती जिन्यावर बसली आणि बसल्या बसल्या एकेक पायरी घसरत खाली आली. शेजारीण वॉकर घेऊन पुढे उतरत होती आणि ताई तिला म्हणत होती, "माझ्याकडे बघू नकोस, टॅक्सी बघ."

ती पोचली तोवर पडद्याआडचं यंत्र जरा भराभर बोलायला लागलं होतं. डॉक्टरांनी दोघींना समोर बसवून सांगितलं.

"त्यांची किडनी बऱ्याच काळापासून थकली आहे. त्यांना पत्ताच नव्हता. दुखण्याच्या गोळ्या रोज, वर्षानुवर्षं. रक्तदाब कुणी नीट बघितलेला नाही. सुक्या मेव्यात पोटॅशियम भरपूर असतं. धडधाकट माणसाची किडनी जास्तीचं बाहेर टाकते. यांची टाकू शकत नव्हती. त्यात त्यांची रक्तदाबाची गोळीही ते शरीरात धरून ठेवणारी. साचत गेलं. आधी पाय गेले, मग हृदयावर आलं."

"आणि हाडं?" ताईने विचारलं.

"हाडांचा याच्याशी काही संबंध नाही. मनगटाचा एक्सरे काढला आम्ही. साधा ओरखडासुद्धा नाही."

ताई उठली. वॉकर टेकत आत गेली आणि धाकटीच्या पलंगाशी खुर्चीवर बसली.

ब्रेकबाई जागी होती. नळ्या, तारा, ओठ कोरडे. तिने ताईला पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "जिना कशी उतरलीस?"

"बसून."

"पडली असतीस."

"हो. पडले असते." ताईने पांघरूण नीट केलं. "माझं हाड मोडलं तेव्हा तू डॉक्टरांना शंभर गोष्टी विचारल्यास. स्वतःचं एक विचारायला काय झालं होतं?"

ब्रेकबाईने हातावरची एक तार बाजूला सारली.

"सीट गेली असती," ब्रेकबाई म्हणाली.

"ते मला सांगू नकोस. मी तुझी थोरली आहे."

"आईचा तो पलंग." ब्रेकबाईचं बोलणं तुटत होतं. "खिडकीजवळचा. ती त्यावर पडली ती उठलीच नाही. मला तिथे पडायचं नव्हतं, ताई. दुसरं काही नाही."

"मी त्याच पलंगावर झोपते," ताई म्हणाली. "रोज. सकाळी उठतेही. तू बघतेस."

ब्रेकबाईने तोंड भिंतीकडे केलं. ताईने तिचा हात सोडला नाही. शिंपीणबाई पडद्याबाहेर उभी होती, तिने आत यायचं टाळलं आणि जाऊन तिघींसाठी चहा आणला. ब्रेकबाईला चहा द्यायला नर्सने मनाई केली. ताईने तिच्यादेखत आपला आणि तिचा, दोन्ही कप प्यायले आणि म्हणाली, "भोग आता."

इस्पितळातून सुटायला वेळ लागला. किडनी पूर्वीसारखी होणार नव्हती. पण जेवढी उरली होती तेवढी सांभाळता येण्यासारखी होती. कंबरेच्या गोळ्या कायमच्या बंद झाल्या. रक्तदाबाची गोळी बदलली. फळं कुठली खायची आणि कुठली नाही हे सांगायला एक बाई आली, ती बोलत असताना ब्रेकबाई शाळेतल्या मुलीसारखी मान खाली घालून ऐकत होती. हाडांची तपासणीही या वेळी ताईने करून घ्यायला लावली. वयाच्या मानाने थोडी विरळ, त्याहून जास्त काही नाही. जिची तिला इतकी धास्ती होती ती गोष्ट अशी निघाली. किडनीला चालेल असं एक औषध आणि रोज चालणं, एवढ्यावर ते भागणार होतं.

"आलुबुखार वाईट नव्हते," ती एकदा ताईला म्हणाली. "माझ्यासाठी नव्हते."

"माझ्यासाठीही नव्हते," ताई म्हणाली. "माझ्यासाठी संडास जवळ हवा होता."

मालकांनी तिला आधी ऑफिसात बसवलं. रस्त्याच्या खुणा, नियम, कोणाला आधी जाऊ द्यायचं, हे ती फळ्यावर शिकवायची. तिथे बसून तिला बाहेर गाड्या सुटताना ऐकू यायच्या आणि प्रत्येक वेळी उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा. डॉक्टरांनी पाय ठीक असल्याचं लिहून दिल्यावरही मालक महिनाभर टाळत राहिले. शेवटी शिंपीणबाईच ऑफिसात येऊन म्हणाली, "बाई शेजारी नसतील तर मी परीक्षेला बसणार नाही." मालकांनी ब्रेकबाईला तिची सीट परत दिली. शिंपीणबाई परीक्षेत पहिल्यांदा नापास झाली. परीक्षकाने शेरा मारला की ब्रेक जरुरीपेक्षा जास्त मारते. दुसऱ्यांदा पास झाली. त्या दिवशी ती दुकानातून एक निळा शर्ट घेऊन आली, मापात शिवलेला. माप कधी घेतलं असं ब्रेकबाईने विचारलं, तर म्हणाली, "त्या दिवशी तुम्हाला स्ट्रेचरवर घेतलं, तेव्हा दुसरं काय बघणार होते?"

आता दर काही आठवड्यांनी ब्रेकबाईचं रक्त तपासतात. पोटॅशियमचा आकडा येईपर्यंतची सकाळ वाईट जाते. त्या सकाळी ती गाडीत बसत नाही, असं तिने मालकांना स्वतःच सांगून ठेवलंय. ताई तिच्याबरोबर जाते. आता ती जिना उभ्याने उतरते, कठडा धरून, आणि मधल्या वळणावर दोघी थांबतात. दोघीही म्हणतात की दुसरीसाठी थांबले.

गेल्या खेपेला बाकावर बसल्या असताना आतून तिचं नाव पुकारलं. ब्रेकबाई उठली नाही. ताईने तिच्याकडे पाहिलं, वॉकर पुढे घेतला आणि स्वतः आत गेली. ब्रेकबाई दाराकडे बघत राहिली. दार बराच वेळ बंद होतं. मग ताई बाहेर आली, चेहऱ्यावर काहीच नाही, फोन जोडून देताना असायचा तसा.

"काय आलं?"

"आहे तेवढंच आहे. वाढलं नाही."

ब्रेकबाईने मांडीवरचे हात सुटे केले.

"डॉक्टर म्हणाल्या, पाणी कमी पितेस."

"पिते मी."

"चल, ऊन अजून चढलं नाही. पुलापर्यंत चालू."

"तुला झेपेल?"

"मला विचारतेस?" ताई म्हणाली, आणि पुढे निघालीसुद्धा.